आबांचा फेटा आणि डॉक्टरांची स्क्रीन

"डॉक्टरच्या मोबाइलमधी भोंगा बसवा," आबा म्हणाले. "ॲम्ब्युलन्सला असतो तसला. डॉक्टर कुठंबी असला तरी दचकला पायजे."

डॉक्टर तिथेच बसले होते, टेबलाच्या या बाजूला, मांडीवर हेल्मेट घेऊन. नुसते फरशीकडे बघत राहिले. मला ते बघवेना.

आबा म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संघाचे चेअरमन. संघाचं नाव लिहीत नाही, कारण ते अजून आमचे क्लायंट आहेत आणि मला इथेच राहायचंय. डॉक्टर म्हणजे फिरोज अत्तार, संघाचे जनावरांचे डॉक्टर, कॉन्ट्रॅक्टवर. माझ्या शेजारी स्वप्नील, आमच्या बारामतीच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालक, मुख्य डेव्हलपर आणि वेळ पडली तर चहा आणणाराही तोच. मी त्या कंपनीत नव्याने लागलेली यूआय डिझायनर. यूआय म्हणजे मोबाइलच्या काचेवर तुम्हाला जे दिसतं आणि जिथे तुम्ही बोट लावता ते सगळं. घरी मी सांगते, मी स्क्रीन मांडते. सासूबाईंना वाटतं रांगोळीसारखं काहीतरी असणार. फार चूक नाही त्यांचं.

संघाची पद्धत अशी. गावातल्या दूध संकलन केंद्राचा सचिव आजारी जनावराचा कॉल त्याच्या मोबाइलवर भरतो. तो कॉल डॉक्टरांच्या मोबाइलवर येतो आणि डॉक्टर गाडीला किक मारतात. काही दिवसांपूर्वी कमलताई नावाच्या बाईंच्या गाईचं पोट फुगलं. जनावराने ओला लसूणघास भरमसाट खाल्ला की पोटात गॅस कोंडतो, छातीवर दाब येतो आणि श्वास घेता येत नाही. वेळेत नळी घातली तर तेच जनावर उठून पुन्हा चारा खायला लागतं. वेळ गेली की संपलं. कमलताईंचा कॉल भरला गेला होता, डॉक्टरांच्या फोनवर पोचलाही होता. डॉक्टर मात्र दुसऱ्या गावात, व्यायल्यावर वार अडकलेल्या म्हशीपाशी होते, आणि तिथून आणखी एका साध्याशा कॉलला गेले. कमलताईंकडे पोचले तेव्हा गाय गेलेली होती.

संघात बोभाटा झाला, डॉक्टरने दुर्लक्ष केलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट काढायचं जवळजवळ ठरलं होतं. भोंगा हा पुढच्या डॉक्टरसाठीचा बंदोबस्त होता.

"डॉक्टर, तुम्हाला तो कॉल दिसला नाही का?" मी विचारलं.

"आला होता मॅडम. फोनमध्ये नोंद आहे त्याची," ते म्हणाले. "पण मला दिसला नाही. आता हे कुणाला सांगू? आलेला कॉल दिसला नाही म्हणणारा माणूस आंधळा तरी असतो, नाही तर खोटारडा."

मी त्यांचा फोन मागून घेतला. स्क्रीनवर वरती आबांचा फोटो. भगवा फेटा, जोडलेले हात, प्रसन्न हसू. बाजूला व्हाइस चेअरमन, जरा लहान. खाली संघाचं बोधचिन्ह. त्याखाली सरकती ओळ: सर्व सभासदांना सणानिमित्त हार्दिक शुभेच्छा. कुठला सण ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ओळ बारमाही चालायची. हे सगळं संपलं की कॉल. प्रत्येक कॉल लाल पट्टीवर पिवळ्या ठळक अक्षरांत, आणि प्रत्येकापुढे लुकलुकणारा एकच शब्द: अतितातडी. चौकातला फ्लेक्स बारीक करून डॉक्टरांच्या खिशात घातला होता म्हणा ना.

परत येताना गाडीत स्वप्नील घुश्श्यात होता. ती स्क्रीन त्याने स्वतः केलेली.

"ताई, रिक्वायरमेंटच तशी होती. फोटो वर पाहिजे, रंग भडक पाहिजे, सगळं ठळक पाहिजे. मी दिलं. आणि कॉल डिलिव्हर झालाय, टाइमस्टॅम्प आहे. कोडमध्ये बग नाही."

"बग नाही, मान्य. गाय मेली ना पण?"

मला लगेच वाईट वाटलं. पोरगा रात्रंदिवस राबतो, आणि त्याचा कोड खरोखर स्वच्छ असतो. पण माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते.

"समोरच्या रसवंतीपाशी गाडी घे," मी म्हटलं. "रस पाजते. आणि तुझ्या फोनवर ती स्क्रीन उघड."

रस आला. मी त्याला उन्हात उभं केलं. "फोन हातभर लांब धर. आता डोळे बारीक कर, लांबून येणारी एसटी ओळखताना करतोस तसे. काय दिसतंय?"

त्याने डोळे बारीक केले. "आबांचा फेटा."

"अजून?"

बराच वेळ बघत राहिला. "फेटाच," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

डिझायनरांची ही जुनी परीक्षा आहे. डोळे बारीक केले की अक्षरं पुसट होतात, नुसते गडद आणि फिके डाग उरतात. जो डाग शिल्लक राहतो तिथेच माणसाची नजर पहिल्यांदा जाते. याला आम्ही व्हिज्युअल हायरार्की म्हणतो. साध्या भाषेत, पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा. या स्क्रीनवर पहिला मान फेट्याला होता आणि बाकी सगळे एका पंगतीत बसले होते. लाल रंग एखाद्याच गोष्टीला दिला तर तो ओरडतो. सगळ्यांनाच दिला तर कुणाचंच ऐकू येत नाही.

"मग तातडीचा कॉल मोठा करू," स्वप्नील म्हणाला.

"कुठला? सगळेच अतितातडी आहेत."

खरी गाठ तिथे होती आणि ती ऑफिसमध्ये बसून सुटणारी नव्हती. मी म्हटलं, मी एक दिवस डॉक्टरांबरोबर हिंडून येते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोटारसायकलवर पुढे आणि मी माझ्या स्कूटीवर मागे. पहिल्याच गोठ्यात मला जे बघायचं होतं ते दिसलं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि फोन गव्हाणीच्या कठड्यावर टेकवून ठेवला. मग उजवा हात गाईच्या आत, डाव्या हातात तिची शेपटी. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांनी मान वळवली. उन्हाची तिरीप काचेवर, लालावर पिवळी अक्षरं, आणि कॉल फोटोंच्या खाली दडलेला.

"आता याला बोट कसं लावणार?" मी विचारलं.

"बोट नाही लावत," ते म्हणाले. हात बाहेर काढला तरी दोन्ही हात शेणाने माखलेले; तसेच फोनकडे गेले, वाकले आणि नाकाने स्क्रीन वर सरकवली. "घरी गेलो की बायको म्हणते, आधी नाक धुऊन या."

मी हसले, आणि मग मला हसल्याची लाज वाटली. दिवसभर हा माणूस नाकाने फोन चालवत होता, आणि संघात चर्चा होती की डॉक्टरचं फोनकडे लक्ष नसतं.

दुपारी भिगवणला मासे खायला बसलो. डॉक्टरांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला होता. घासागणिक नजर तिकडे. मी कमलताईंचा विषय काढला.

"परवा त्या रस्त्याने चाललो होतो," ते म्हणाले. "बाईंनी हाक मारून चहा दिला. मला तो पिता आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं मॅडम." त्यांनी ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी एका संकलन केंद्रावर गेलो. तिथले सचिव बापू दुधाचे कॅन मोजून घेत होते. मी सरळच विचारलं, "बापू, तुमच्या गावातलं प्रत्येक जनावर अतितातडी कसं?"

बापूंनी इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, माणूस फुडं हुबा असतो. मोबाइल इचारतो, साधारण, तातडी, का अतितातडी. आता त्येच्या तोंडावर त्येच्या म्हशीला साधारण कसं म्हणू? रोज त्येच्याच दारावरनं जायाचं असतं मला."

"आणि खरंच साधंच दुखणं असलं तर?"

"एकदा टाकलं व्हतं साधारण. चुलतंच हायत माझं. दिवाळीला फराळाला आलं न्हाईत."

मी स्कूटीवर बसेपर्यंत हसत होते. रस्त्याला लागल्यावर मात्र लक्षात आलं की बापूंचं काहीच चुकलेलं नाही. आपणच त्यांना वाईट प्रश्न विचारला होता. शेजाऱ्याचं दुखणं किती मोठं, हे गावात राहणाऱ्या माणसाने शेजाऱ्यासमोर ठरवायचं? भावकीत असं कुणी करत नाही. पुण्यात बसून ज्याने कुणी असल्या तीन पर्यायांची पद्धत शोधून काढली असेल त्याला चुलते नसावेत.

मग मी प्रश्नच काढून टाकला. त्याजागी डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींची चित्रं ठेवली: पोट फुगलंय, वासरू अडकलंय, जनावर पडलंय आणि उठत नाही, रक्त थांबत नाही. आणि शेवटी, यातलं काही नाही. बापूंनी जे दिसेल त्यावर बोट ठेवायचं. कुठल्या चित्राला आधी धावायचं ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं आणि स्वप्नीलने ते कोडमध्ये बसवलं. बापूंना दाखवलं तेव्हा ते खूश झाले. "हे ब्येस. फुगलंय तर फुगलंय. त्यात कोन काय बोलनार?"

डॉक्टरांची स्क्रीन करताना मात्र स्वप्नीलशी रोज वाजायचं. मी पार्श्वभूमी पांढरी केली, अक्षरं काळीभोर. लाल रंग कुलपात घातला, पहिल्या चार चित्रांपैकी काही आलं तरच बाहेर काढायचा. जुन्या स्क्रीनवर मालकाचं नाव डाव्या टोकाला आणि गाव उजव्या टोकाला होतं. मध्ये नजर घसरून भलत्याच ओळीवर जायची. एकमेकांच्या गोष्टी एकमेकांजवळ ठेवायच्या, हा आमच्या कामातला अगदी बाळबोध नियम. म्हणून काय झालंय, कुणाचं, कुठे, या तीन गोष्टी मी एकाखाली एक, एका कडेला लावून ठेवल्या आणि आजूबाजूची जागा मोकळी सोडली.

"ताई, एवढी जागा रिकामी? क्लायंट म्हणेल काम अर्धवट टाकलं."

"ती रिकामी नाही. ती त्या शब्दाला वाट करून देतेय."

"मग निदान एक हलकी ग्रे लाइन तरी..."

"चल गच्चीवर."

भर दुपारी गच्चीवर नेऊन मी त्याला ती हलकी करडी रेघ दाखवली. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला. उन्हात ती दिसतच नव्हती. एसी केबिनमध्ये देखण्या दिसणाऱ्या फिक्या रंगांचं बाहेर असंच होतं. अक्षरांचा आकार आम्ही गव्हाणीपासून गाईच्या मागपर्यंतचं अंतर धरून ठरवला. आणि कॉल स्वीकारायचं बटण केलं अख्ख्या पट्टीएवढं, म्हणजे कोपराने दाबलं तरी चालेल, आणि दाबताच थेट जनावराच्या मालकाला फोन लागेल. डॉक्टरांच्या नाकाला सुट्टी.

आबांना स्क्रीन दाखवायला गेलो. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"माझा फोटो कुठाय?"

"सभासदांच्या ॲपवर आहे आबा, तिथे राहील. डॉक्टरांच्या स्क्रीनवरून काढलाय."

"काढला?" आबांनी फोन टेबलावर ठेवला. "पोरी, संघाची पावती घे, न्हायतर दुधाचा कॅन घे, फोटू असतो. उद्या लोक म्हणत्याल, आबाला काढला. आन् फोटू कशापायी असतो म्हाईतेय का? बाईमाणसाला कळाया पायजे, अडलं-नडलं तर कुणाचं दार वाजवायचं."

हे ते मतांसाठी बोलत नव्हते, किंवा नुसतं मतांसाठी बोलत नव्हते. त्यांच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली मी पाहिली होती, आणि आबा एकेकाला हाताला धरून आत नेत होते. त्या माणसाबद्दल मला आदर होता, अजून आहे.

"आबा, तुमचं दार डॉक्टरांना माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना कमलताईंचं दार दिसलं नाही."

स्वप्नीलने टेबलाखालून माझ्या चपलेवर पाय ठेवला. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझ्या गोठ्यात चालवून दाखवा," ते म्हणाले. "पटलं तर ठेवू. न्हाय पटलं तर जुनंच ऱ्हाईल, फोटूसकट. आन् डॉक्टरचा इषय हाय तसा मीटिंगमधी जाईल."

आदल्या दिवशी सचिवांच्या आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर नवी स्क्रीन चढवली, आणि ठरलेल्या सकाळी आम्ही आबांच्या गोठ्यात. आबांनी लांबून एक जातिवंत गाय आणली होती आणि ती गाभण आहे की नाही याची त्यांना नातवंडाच्या निकालासारखी काळजी लागली होती. ठरलं असं, डॉक्टर गाय तपासतील, फोन गव्हाणीवर राहील, मी खूण केली की अंगणातून स्वप्नील खोटा कॉल सोडेल. आबा डॉक्टरांशेजारी उभे राहिले. चष्मा खिशात. चारचौघांत ते चष्मा घालत नाहीत.

डॉक्टरांनी मोजा चढवला, हात आत घातला. आणि फोन वाजला. पांढऱ्या स्क्रीनचा वरचा अर्धा भाग लालभडक झाला. मी खूण केलीच नव्हती. मी रागाने स्वप्नीलकडे पाहिलं तर तो दोन्ही हात वर करून मान हलवत होता. त्याचा फोन खिशातच होता.

आबांनी डोळे बारीक केले. "पोट... फुगलंय," त्यांनी वाचलं. "शालन. ओढ्याची वस्ती. आरं, ही तर आपल्याच वाडीतली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पुढ्यात चेअरमनची गाय, शेजारी खुद्द चेअरमन, आणि मीटिंग तोंडावर. "आबा," ते म्हणाले, "दोनच मिनिटं द्या. गाभण आहे का एवढं सांगतो आणि लगेच..."

"गाभण असंल तर उद्याबी गाभणच ऱ्हाईल," आबा म्हणाले. "काढ हात. नीघ."

डॉक्टरांनी कोपराने लाल पट्टी दाबली, मोजा तिथेच टाकला आणि फोन कानाशी धरून पळाले. शालनला ते जाता जाता सांगत होते, गाईचे पुढचे पाय उंचावर घे, बसू देऊ नकोस. गाडीचा आवाज ओढ्याकडे गेला.

आम्ही थांबलो. आबा गोठ्यात येरझाऱ्या घालत होते. स्क्रीन चालली हे कळत होतं, पण त्या घडीला मला स्क्रीनशी काही देणंघेणं नव्हतं. ती गाय उठावी एवढंच वाटत होतं. शेवटी आबांचा फोन वाजला. डॉक्टर होते. पोट उतरलं, गाय उभी आहे. मी पदराने डोळे पुसले आणि कुणी बघितलं तर बघू दे म्हटलं.

आबा गव्हाणीच्या कठड्यावर टेकले. "मला चष्म्याबिगर वाचता आलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जुनं हाय का तुझ्याकडं? दाव बरं."

स्वप्नील माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. त्याने त्याच्या फोनवर जुनी स्क्रीन उघडली आणि गव्हाणीवर त्याच जागी ठेवली. आबा उठले, डॉक्टर जिथे उभे होते तिथे जाऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"मीच दिसतोय," ते म्हणाले.

स्वप्नीलने ती स्क्रीन बंद केली.

पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी आबा त्यांना गाडीत घालून कमलताईंकडे घेऊन गेले. अंगणात उभं राहूनच म्हणाले, "कमल, डॉक्टरकडं चूक न्हाय. त्येच्या आन् तुझ्या गाईच्या मधी मी हुबा व्हतो." कमलताईंनी आत जाऊन चहा टाकला, आणि त्या दिवशी डॉक्टरांना तो पिता आला.

मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टचा विषय निघाला नाही. आबांची गाय दुसऱ्या दिवशी तपासली, गाभण निघाली. फोटो सभासदांच्या ॲपवर आहे, खाली आबांचा नंबर, भोवती भरपूर मोकळी जागा. आबांचं म्हणणं आहे की त्यात ते जरा बरे दिसतात.

डेव्हलपर मंडळी मला विचारतात, ताई, फॉन्ट कुठला घेऊ, रंग कुठला घेऊ. सांगते. पण त्याआधी एकदा जाऊन बघून या, वाचणाऱ्याचे हात त्या वेळी कुठे असतात. भोंग्याचं आम्हाला पुन्हा कुणी विचारलेलं नाही.